काळ्या पडद्याशीं ओळख

शाळेंतून परतलेला मुलगा घरीं संगणकापुढें बसला आहे. पडद्यावर चित्र नाहीं, रंग नाहीं, खेळ नाहीं. धुऊन पुसलेल्या पाटीसारखा सारा पडदा काळा असून त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चारदोन ओळी आहेत, आणि शेवटच्या ओळीपाशीं एक लहानसा ठोकळा लुकलुकत आहे. हें दृश्य पाहून यंत्र बिघडलें कीं काय, अशी शंका पालकांस येणें साहजिक आहे. आणि एका पालकांनीं ती आम्हांजवळ बोलूनहि दाखविली. यंत्र बिघडलेलें नव्हतें. मुलगा लिनक्सच्या टर्मिनलवर काम करीत होता. हें टर्मिनल म्हणजे काय, त्यावर आज्ञा कशा द्यावयाच्या, आणि शास्त्रीय हिशोब करणारानें त्या कां शिकाव्या, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीनें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

संगणकाचा पडदा, कळफलक, स्मृति आणि गणन करणारा भाग या सर्वांचा कारभार पाहणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली, लिनक्स ही दुसरी. पडद्यावरील चित्रावर टिचकी मारून काम सांगण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. टर्मिनलची रीत निराळी आहे. तेथें काम शब्दांनीं सांगावयाचें असतें. आपण एक ओळ टाइप करून एंटरची कळ दाबली, कीं शेल नांवाचा दुभाषा ती ओळ वाचतो, तिचा अर्थ कार्यप्रणालीस कळवितो, आणि आलेलें उत्तर आपल्यापुढें ठेवतो. पुष्कळ लिनक्स यंत्रांवर या दुभाष्याचें नांव बॅश असें असतें.

या रीतीचा जन्म लिनक्सच्या पूर्वींचा आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाच्या कार्यप्रणालीचें काम आरंभिलें. त्या काळीं संगणकास आज्ञा देण्याचें साधन म्हणजे टंकलेखनयंत्रासारखें खडखडणारें एक यंत्र असे. तें एका सेकंदांत सुमारें दहाच अक्षरें कागदावर उठवी. अशा यंत्रावर लांबलचक शब्द कोण लिहीत बसणार? म्हणून आज्ञांचीं नांवें दोनदोन, तीनतीन अक्षरांचीं ठेवण्यांत आलीं, आणि तीं आजतागायत तशींच चालत आलीं आहेत. पुढें १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं युनिक्ससारखी, परंतु सर्वांस मोकळी, अशी प्रणाली निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला. व १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें तिला लागणारा गाभा लिहून जगापुढें ठेवला. तोच लिनक्स होय. जगांतील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोन वेळां प्रसिद्ध होते, तिच्यांतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ मध्यें लिनक्सवर चालत असल्याचें दिसून आलें. एका विद्यार्थ्यानें हौसेनें आरंभिलेल्या कामाची ही परिणति विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां प्रत्यक्ष आज्ञांकडे वळूं. आज्ञा रोमन लिपींतील लहान अक्षरांनीं टाइप करावयाच्या असतात; मोठें अक्षर व लहान अक्षर हीं लिनक्सच्या दृष्टीनें अगदीं भिन्न आहेत. येथें छपाईच्या सोयीसाठीं त्यांचे उच्चार नागरींत दिले आहेत. ‘एल्एस्’ असें जेथें दिसेल, तेथें एल् व एस् हीं दोन अक्षरें समजावीं. फाइलींचीं नांवें मात्र लिनक्सवर मराठींत, देवनागरी अक्षरांनींहि ठेवतां येतात. म्हणून तीं आम्हीं मराठींतच दिलीं आहेत.

उदाहरण आमच्या शाळेंतलेंच घेऊं. शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक आहे. भारतीय हवामान खात्याच्या रीतीप्रमाणें सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजून विद्यार्थी तो आंकडा शाईनें नोंदवहींत लिहितात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे दिवस १२२ होतात; तेव्हां तीन पावसाळ्यांच्या नोंदी ३६६ झाल्या. त्या सर्व आम्हीं संगणकावर ‘पाऊस’ नांवाच्या एका फाइलींत उतरविल्या. प्रत्येक ओळींत आधीं वर्ष, महिना व दिवस दाखविणारी तारीख, मग एक रिकामी जागा, आणि नंतर पावसाचे मिलिमीटर, अशी मांडणी होती.

टर्मिनल उघडल्यावर पहिला प्रश्न असा, कीं आपण आहों कोठें? संगणकांतील फोल्डर हे कपाटांतील कप्प्यांसारखे एकांत एक बसविलेले असतात, आणि टर्मिनलवर काम करणारा कोणत्या तरी एका कप्प्यांत उभा असतो. ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा दिली, कीं आपण उभे असलेल्या जागेचा संपूर्ण मार्ग दिसतो. ‘एल्एस्’ म्हटलें, कीं त्या जागेंत काय काय आहे त्याची यादी मिळते. ‘एल्एस् -एल्’ म्हटलें, तर प्रत्येक फाइल किती मोठी, कोणाच्या मालकीची, केव्हां बदललेली, हेंहि कळतें. ‘सीडी’ व पुढें फोल्डरचें नांव लिहिलें, कीं आपण त्या फोल्डरांत जातों, ‘सीडी’पुढें एक जागा सोडून दोन टिंबें दिलीं, कीं एक पायरी वर येतों, आणि नुसतें ‘सीडी’ म्हटलें, कीं कोठेंहि असलों तरी आपल्या घरच्या फोल्डरांत परततों. नवशिक्याच्या निम्म्या अडचणी आपण कोठें उभे आहों हें न पाहिल्यानें उद्भवतात. फाइल सांपडत नाहीं अशी तक्रार शेलानें केली, म्हणजे आधीं ‘पीडब्ल्यूडी’ व ‘एल्एस्’ यांस विचारावें.

नवा फोल्डर करावयाचा तर ‘एम्केडीआय्आर्’ लिहून पुढें त्याचें नांव द्यावें. ‘सीपी’नें फाइलीची नक्कल होते, ‘एम्व्ही’नें ती एका जागेवरून दुसरीकडे हलविली जाते किंवा तिचें नांव बदलतें, आणि ‘आर्एम्’नें ती नाहींशी होते. या शेवटच्या आज्ञेपाशीं क्षणभर थांबणें अवश्य आहे. चित्रांच्या रीतीनें काम करतांना टाकलेली फाइल कचऱ्याच्या टोपलींत पडून राहते आणि पश्चात्ताप झाल्यास परत काढतां येते. ‘आर्एम्’ला अशी टोपली नाहीं. गेलें तें गेलें.

त्यांतच तारांकित खुणेचा एक धोका आहे. नांवांत तारा घातला, कीं त्या ठिकाणीं कोणतींहि अक्षरें चालतील असा अर्थ होतो. म्हणून

आर्एम् कच्चें*

असें लिहिल्यास ‘कच्चें’ या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या सर्व फाइली जातील. परंतु घाईंत बोट घसरून

आर्एम् कच्चें *

असें लिहिलें गेलें, तर मध्यें पडलेल्या एका रिकाम्या जागेमुळें तारा सुटा होतो, आणि त्या फोल्डरांतील सर्वच फाइली नष्ट होतात. शुभवर्तमानांत ज्या शताधिपतीची गोष्ट आहे, त्याचे शिपाई त्याच्या शब्दासरशी जात व येत. शेल हा तशाच शिपायासारखा आहे; भेद इतकाच, कीं शिपायास विवेक असतो, शेलास तो नाहीं. आपण काय म्हणालों तें तो करतो. आपल्याला काय म्हणावयाचें होतें तें तो विचारीत नाहीं. म्हणून तारा वापरण्यापूर्वीं ‘आर्एम्’च्या जागीं ‘एल्एस्’ लिहून कोणत्या फाइली पकडल्या जातात तें पाहून घ्यावें. आणि ‘आर्एम् -आय्’ असें लिहिण्याची संवय लावावी, म्हणजे प्रत्येक फाइल काढण्यापूर्वीं तो आपली संमति घेतो.

आतां फाइलींत काय आहे तें वाचण्याच्या आज्ञा. ‘कॅट पाऊस’ म्हटल्यानें सगळी फाइल एकदम पडद्यावरून ओघळून जाते. ती पानापानानें वाचावयाची तर ‘लेस पाऊस’ म्हणावें, आणि वाचून झाल्यावर क्यू हें अक्षर दाबून बाहेर यावें. ‘हेड’नें पहिल्या दहा ओळी दिसतात, ‘टेल’नें शेवटच्या दहा. ‘डब्ल्यूसी -एल्’नें ओळी मोजल्या जातात. ही शेवटची आज्ञा दिसावयास क्षुल्लक, परंतु शास्त्रीय कामांत फार मोलाची आहे. दिवस ३६६ असतील तर ओळीहि ३६६ च भरल्या पाहिजेत. शिक्षक सहलीला निघतांना व परततांना मुलांचीं डोकीं मोजतो, त्यांतलाच हा प्रकार.

यापुढें शोधाच्या आज्ञा. ‘ग्रेप’, म्हणजे जी, आर्, ई, पी हीं चार अक्षरें, ही आज्ञा आपण दिलेला मजकूर ज्या ज्या ओळींत असेल त्या त्या ओळी निवडून देते. फाइलींतील तारखा वर्ष व महिना अशा क्रमानें असल्यानें ‘ग्रेप २०२४-०७ पाऊस’ असें म्हटलें, कीं त्या जुलैच्या सर्व ओळी बाहेर येतात. ‘सॉर्ट’ ही आज्ञा ओळी क्रमानें लावते. येथें एक खुबी आहे. नुसतें ‘सॉर्ट’ म्हटलें तर आंकडेहि शब्दांप्रमाणें, म्हणजे पहिल्या अक्षरावरून लावले जातात, आणि ५, ४० व ११२ यांचा क्रम ११२, ४०, ५ असा लागतो. आंकडे हे आंकडे म्हणून लावावयाचे असतील तर ‘-एन्’ ही खूण जोडावी लागते. स्तंभ दुसरा असेल तर ‘-के२’ असेंहि सांगावें लागतें.

याहून चमत्कारिक अडचण आमच्या विद्यार्थ्यांस पहिल्याच दिवशीं आली. एकानें मोठ्या हौसेनें सगळे आंकडे देवनागरी अंकांत टाइप केले होते. त्यांची बेरीज करावयास सांगतांच यंत्रानें उत्तर दिलें: शून्य! शंभर वेळां विचारलें असतें तरी तेंच उत्तर आलें असतें. कारण बेरीज करणाऱ्या व क्रम लावणाऱ्या या जुन्या आज्ञा इंग्रजी वळणाच्या अंकांनाच अंक मानतात. आपले अंक त्यांच्या दृष्टीनें नुसतीं अक्षरें होत. तेव्हां फाइलीचें नांव मराठींत चालेल, परंतु आंत मोजावयाचे आंकडे इंग्रजी अंकांतच लिहिले पाहिजेत. वर आम्हीं छापलेले अंकहि विद्यार्थ्यांनीं तसेच टाइप करावे.

या लहान लहान आज्ञांचें खरें सामर्थ्य त्या एकमेकींस जोडण्यांत आहे. कळफलकावर एक उभी रेघ असते. तिला पाइप, म्हणजे नळ, असें म्हणतात. एका आज्ञेचें उत्तर पडद्यावर न सांडतां या नळांतून दुसऱ्या आज्ञेच्या हातीं देतां येतें. ही कल्पना बेल प्रयोगशाळेंतील डग मॅकिलरॉय यांची असून ती १९७३ सालीं युनिक्समध्यें अंमलांत आली. विहिरीवर मोट ओढणारा, पाटाचें दार धरणारा आणि वाफ्यांत पाणी फिरविणारा, असे तिघे आपापलें एकच काम नीट करतात आणि मळा भिजतो, तसेंच हें आहे. सर्वांत अधिक पावसाचे पांच दिवस कोणते, या प्रश्नाचें उत्तर एवढ्याशा ओळींत मिळतें:

सॉर्ट -के२ -एन् पाऊस | टेल -एन् ५

पहिली आज्ञा ओळी कमी पावसापासून अधिक पावसापर्यंत लावते. दुसरी त्यांतल्या शेवटच्या पांच ठेवते. दुसरें उदाहरण घ्या. हवामान खातें ज्या दिवशीं अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला, त्यासच पावसाचा दिवस म्हणतें. असे दिवस किती? येथें ‘ऑक’ ही आज्ञा उपयोगी पडते. ए, डब्ल्यू व के हीं तिचीं अक्षरें आहो, वाइनबर्गर व कर्निहान या तिच्या तीन कर्त्यांच्या नांवांचीं आद्याक्षरें होत.

ऑक '$२ >= २.५' पाऊस | डब्ल्यूसी -एल्

याचा अर्थ, दुसऱ्या स्तंभांतील आंकडा अडीच किंवा अधिक असलेल्या ओळी निवडा, आणि मग त्या मोजा. दोहों बाजूंचीं अवतरणचिन्हें विसरूं नयेत. तीं नसल्यास शेल आंतील खुणांचा आपल्या पद्धतीनें भलताच अर्थ लावतो.

तो भलता अर्थ कोणता, हें सांगतांना मला माझ्या एका चुकीची कबुली द्यावी लागते. आज्ञेचें उत्तर पडद्यावर न दाखवितां फाइलींत साठवावयाचें असेल, तर आज्ञेनंतर ‘>’ ही खूण काढून पुढें फाइलीचें नांव लिहितात. त्या नांवाची फाइल नसेल तर ती निर्माण होते. असेल तर तींतील जुना मजकूर पुसून नवा लिहिला जातो. जुन्याच्या शेवटीं भर घालावयाची असेल तर तीच खूण दोन वेळां, ‘>>’ अशी, द्यावी. एके दिवशीं संध्याकाळीं, विद्यार्थी घरीं गेल्यावर, मीं पावसाच्या फाइलींतील ओळी नीट क्रमानें लावाव्या म्हणून लिहिलें:

सॉर्ट पाऊस > पाऊस

माझी कल्पना अशी, कीं यंत्र आधीं फाइल वाचील, क्रम लावील, व मग लिहील. घडलें तें उलट. शेल ओळ वाचतांच ‘>’ या खुणेचें काम सर्वांआधीं करतो. म्हणजे उत्तरासाठीं जागा हवी म्हणून पाऊस ही फाइल प्रथम रिकामी करतो, आणि नंतर ‘सॉर्ट’ला ती वाचावयास देतो. रिकाम्या फाइलीचा क्रम काय लागणार? मीं ओळी मोजून पाहिल्या. ३६६ च्या जागीं ० असें उत्तर आलें. यंत्रानें एका अक्षराचीहि तक्रार केली नाहीं. त्याच्या मतें काम यशस्वी झालें होतें. लिनक्सच्या आज्ञा काम बिनचूक पार पडलें म्हणजे बहुधा कांहीं बोलत नाहींत. त्या दिवशींचें तें मौन मला फार जड वाटलें. मीं नक्कल करून ठेविली नव्हती. दुसऱ्या कोणावर बोट दाखवावयास जागा नव्हती.

शाईनें लिहिलेली नोंदवही मात्र कपाटांत शाबूत होती. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गास झालें तें सांगितलें. मुलें हंसलीं नाहींत. दोन दोघांच्या जोड्या करून, एकानें वाचावें व दुसऱ्यानें टाइप करावें, अशा रीतीनें त्यांनीं दोन दिवसांत सर्व नोंदी पुन्हां उतरविल्या. या खेपेस आम्हीं प्रथम ओळी मोजल्या. त्या भरल्या ३६५. एक दिवस कोठें तरी गळला होता. तीन वर्षांच्या वहींत तो हातानें शोधण्यापेक्षां आम्हीं नळाचा उपयोग केला:

कट -सी १-७ पाऊस | युनिक -सी

‘कट’नें प्रत्येक ओळीचीं पहिलीं सात अक्षरें, म्हणजे वर्ष व महिना, एवढींच कापून घेतलीं, आणि यू, एन्, आय्, क्यू या अक्षरांच्या ‘युनिक’ आज्ञेनें लागोपाठ आलेल्या सारख्या ओळी एकत्र करून त्यांची संख्या दिली. बारा महिन्यांच्या बारा ओळी पडद्यावर आल्या. एका ऑगस्टपुढें ३१ च्या ऐवजीं ३० असा आंकडा होता. त्या महिन्याचें पान उघडून पाहतां गळलेला दिवस लगेच सांपडला, आणि तो योग्य जागीं भरला.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. वर्गाच्या भिंतीवर पूर्वींच्या फाइलीवरून केलेला एक तक्ता लावलेला होता, आणि त्यावर तीन पावसाळ्यांची एकूण बेरीज लिहिलेली होती. नवी बेरीज तिच्याहून ९० मिलिमीटरांनीं कमी आली. दोहोंपैकीं चूक कोणती? एका मुलीनें तर्क केला, कीं पूर्वीं १०.० लिहितांना मधलें टिंब गळून १०० झालें असावें, म्हणजे फरक बरोबर ९० चा पडतो. तर्क सुंदर होता. पण तो सिद्ध करावयास जुनी फाइल उरली नव्हती, आणि ती बेरीज कोणत्या आज्ञांनीं केली होती याचें टिपणहि कोणी ठेवलें नव्हतें. भिंतीवरील आंकडा सुबक अक्षरांत लिहिलेला होता. तथापि तो कोठून आला हें दाखवितां येत नसल्यामुळें आम्हांस तो पुसावा लागला. नवी बेरीज मात्र कोणीहि नोंदवही हातीं घेऊन पडताळून पाहूं शकतो. जो आंकडा पुन्हां काढून दाखवितां येत नाहीं, तो शास्त्रांत आंकडा नव्हे, ऐकीव गोष्ट होय.

या प्रसंगापासून आम्हीं चार नियम केले, व ते प्रत्येक नवशिक्यानें पाळावे असें वाटतें.

पहिला नियम: मूळ नोंदींस हात लावूं नये. ‘मूळ’ नांवाचा एक फोल्डर करून त्यांत त्या ठेवाव्या, ‘सीपी’नें त्यांची नक्कल करून घ्यावी, आणि सर्व काम नकलेवर करावें. मूळ फाइलीस

सीएच्मॉड ए-डब्ल्यू पाऊस

अशी आज्ञा दिली, कीं तिच्यावर लिहिण्याचा अधिकार सर्वांचा काढला जातो. मग माझ्यासारखी चूक झाली तरी शेल परवानगी नाहीं म्हणून अडवितो. अर्थात् ‘आर्एम्’नें ती फाइल तरीहि काढतां येते, फक्त तो आधीं एकदां विचारतो, म्हणून दुसरी एक नक्कल संगणकाबाहेर, पेन ड्राइव्हवर, असावीच.

दुसरा नियम: निकाल नेहमीं नव्या नांवाच्या फाइलींत साठवावा. काम आरंभितांना ‘सेट -ओ नोक्लॉबर’ अशी आज्ञा दिल्यास शेल ‘>’ या खुणेनें असलेली फाइल पुसण्याचें नाकारतो.

तिसरा नियम: प्रत्येक पायरीनंतर मोजावें. ओळी किती, पहिल्या कोणत्या, शेवटच्या कोणत्या, हें पाहण्यास दोन पळें लागतात. न पाहिल्यास दोन दिवस जातात.

चौथा नियम, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा: दिलेल्या आज्ञा लिहून ठेवाव्या. ‘हिस्टरी’ म्हटलें, कीं आपण पूर्वीं दिलेल्या आज्ञा क्रमांकांसह दिसतात. त्यांतल्या उपयोगी आज्ञा निवडून, एका ओळींत एक याप्रमाणें, ‘कृति’ नांवाच्या फाइलींत लिहाव्या. मग ‘बॅश कृति’ एवढें म्हटलें, कीं सारें काम पहिल्यापासून शेवटपर्यंत आपोआप पुन्हां होतें. माउसनें मारलेल्या टिचक्या हवेंत विरून जातात. किती मारल्या व कोठें मारल्या हें उद्यां आपल्यालाच आठवत नाहीं. शब्द मात्र कागदावर राहतो. रसायनशास्त्राच्या वहींत आपण कृति व निष्कर्ष वेगवेगळे कां लिहितों? दुसऱ्यानें तीच कृति करून तोच निष्कर्ष काढावा म्हणून. टर्मिनलवरील आज्ञांची फाइल ही गणिती प्रयोगाची कृतीच होय.

आणखी चार सूचना देतों. कोणत्याहि आज्ञेचा तपशील हवा असल्यास ‘मॅन’ म्हणून पुढें तिचें नांव लिहावें, म्हणजे तिची पुस्तिका उघडते. येथूनहि क्यू दाबून बाहेर यावें. लांब नांव लिहितांना पहिलीं दोनतीन अक्षरें लिहून टॅबची कळ दाबली, कीं तशा नांवाची एकच फाइल असल्यास शेल उरलेलें नांव स्वतः पुरें करतो. त्यानें श्रम वांचतात व चुकाहि टळतात. वरच्या बाणाची कळ मागची आज्ञा परत आणते. आणि ‘सॉर्ट’सारखी आज्ञा फाइलीचें नांव न देतां लिहिली, तर यंत्र गोठल्यासारखें दिसतें. तें गोठलेलें नसतें. आपण कळफलकावरून ओळी पुरवूं म्हणून वाट पाहत असतें. अशा वेळीं कंट्रोलची कळ धरून सी दाबावें, म्हणजे सुटका होते.

येथें कोणी विचारील, ३६६ ओळींसाठीं एवढा खटाटोप कशाला? त्यास उत्तर असें, कीं ३६६ ओळींस ज्या आज्ञा, त्याच ३६ लाख ओळींसहि. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंत २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ व २०२४ सालीं ‘अर्क’ हे महासंगणक हवामानाच्या गणितासाठीं उभारले गेले. नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यांतून आकाशाचे जे संकेत येतात, त्यांचेंहि गणित संगणकांवरच होतें. महासंगणकापुढें जाऊन कोणी खुर्ची टाकून बसत नाहीं. संशोधक आपल्या टेबलावरील साध्या संगणकावरून ‘एस्एस्एच्’ या आज्ञेनें दूरच्या यंत्राशीं जोडला जातो, आणि त्याच्यापुढें येतो तो हाच काळा पडदा व तोच लुकलुकणारा ठोकळा. ‘पीडब्ल्यूडी’, ‘एल्एस्’ आणि ‘सीडी’ तेथेंहि तींच असतात. शाळेंत हीं अक्षरें गिरविलेल्या मुलास त्या दारांत उभें राहिल्यावर परकें वाटणार नाहीं.

पालकांस एवढेंच सांगणें, कीं या विद्येस पैशाची अडचण नाहीं. लिनक्स विनामूल्य मिळतें; त्याच्या हलक्या आवृत्ति जुन्या संगणकावरहि चालतात, आणि विंडोज असलेल्या नव्या यंत्रांतहि लिनक्स चालविण्याची सोय आहे. पुष्कळशा आवृत्ति पेन ड्राइव्हवरून, यंत्रांतील मजकुरास धक्का न लावतां, चालवून पाहतां येतात. कायमची बसवावयाची झाल्यास मात्र घरच्या सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची नक्कल आधीं काढून ठेवावी. मुंबईच्या आय्आय्टींतील स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांत लिनक्सचे धडे मराठींतूनहि उपलब्ध आहेत. मुलगा किंवा मुलगी काळ्या पडद्यापुढें बसलेली दिसल्यास रागावूं नये. जवळ बसून एवढेंच विचारावें, कीं मूळ फाइलीची नक्कल ठेविली आहेस ना?

आमच्या वर्गाच्या भिंतीवर आतां नवा तक्ता लागला आहे. त्याच्या खालीं, जेथें पूर्वीं रिकामी जागा होती, तेथें मुलांनीं तो आंकडा ज्या आज्ञांनीं काढला त्या सात ओळी लिहून ठेविल्या आहेत. आणि शाईची नोंदवही त्याच कपाटांत आहे. ज्यास शंका असेल त्यानें यावें, वही उघडावी, आणि हिशोब पुन्हां करून पाहावा.